मंगळवारपासूनची भाची

४ जून

आत्याबाईंना नमस्कार. साष्टांग घालणार होते, पण दिवसभर वाकूनच होते, आता आणखी वाकवत नाही. उभ्यानेच घालते, चालवून घ्या.

तुम्ही मला ओळखत नाही. मी तुमची भाची आहे. गेल्या मंगळवारपासून.

झालं असं, की सोमवारी संध्याकाळी मुकादमांनी शेतावरच्या आम्हा सगळ्या पोरांना गोदामासमोर रांगेत उभं केलं आणि म्हणाले, उद्या तपासनीस साहेब येणार. दुसऱ्याच्या शेतात चौदा वर्षांखालच्या पोरांनी राबायचं नाही असा कायदा आहे. घरच्या शेतात घरच्या पोरांनी हातभार लावला तर चालतो. तेव्हा उद्यापासून मालक तुमचे काका, मालकीणबाई काकू आणि मी मामा. शिवाय काकांची एक बहीण शहरात असते, नर्स होती, ती तुमची आत्या. तिचा तुमच्यावर फार जीव आहे. मी विचारलं, एवढा जीव आहे तर भेटायला का येत नाही? म्हणून मला इथे चोंबडी म्हणतात.

मंगळवारी साहेब आले. हे शेत कुणाचं? "काकांचं!" आम्ही असे ओरडलो की झाडावरची पाखरं उडाली. इथे काय करता? "घरच्या कामाला हातभार लावतो!" साहेब खूश झाले. मग ते माझ्या भावापाशी वाकले. तो आठ वर्षांचा आहे, त्याला टिल्लू म्हणतात. काय रे बाळ, आज काय काय केलंस? टिल्लू पहाटेपासून ओल्या पानांत होता. तो साहेबांच्या बुटांवर ओकला. साहेबांनी "कुटुंबातील मुले" एवढं लिहिलं आणि बूट धुवायला गेले.

आता कामाचं लिहिते. इथे तंबाखू आहे. झाडं टिल्लूहून उंच. आम्ही शेंडे खुडतो, बगलेतले फुटवे काढतो आणि खालची पानं तोडतो. सकाळी पानं दवाने ओलीचिंब असतात. कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांना डोक्याएवढं भोक पाडून आम्ही त्या अंगात घालतो, पण गळ्यातून पाणी आत जातंच. मग डोकं गरगरतं, तोंडाला पाणी सुटतं आणि उलट्या होतात. आम्ही त्याला "पान लागलं" म्हणतो. टिल्लूला रोज पान लागतं. आई म्हणते त्याचं पोट नाजूक आहे. मामा म्हणतात नाटकं करतो. काल तो उलटी झाल्यावर तिथेच सरीत झोपला आणि बराच वेळ उठला नाही. मी फार घाबरले.

त्याला खोलीत ठेवता येत नाही. इथे राहायची खोली हात मोजून मिळते. आईचे दोन, माझे दोन, टिल्लूचे दोन. बाबा दुसरीकडे कामाला गेले ते गेलेच, त्यांचे दोन आधीच कमी आहेत. टिल्लूचे कमी झाले तर खोली जाईल.

तुमचा पत्ता काकू तुम्हाला फळं पाठवतात त्या पेटीच्या झाकणावर होता. तुम्ही नर्स आहात आणि तुमचा आमच्यावर जीव आहे असं आम्हाला पाठ करायला लावलंय. तर टिल्लूसाठी काहीतरी औषध सांगा. उत्तर रस्त्यावरच्या दुकानवाल्या बाईंच्या पत्त्यावर पाठवा, त्या चांगल्या आहेत, मुकादमांशी त्यांचं पटत नाही.

तुमची नवी भाची,
चोंबडी

११ जून

चिरंजीव चोंबडीस, अनेक आशीर्वाद. सत्तराव्या वर्षी मला भाची झाली आणि तीही बोलती-चालती, याहून जास्त काय मागायचं?

पहिली गोष्ट, आत्याला तुम्ही म्हणत नाहीत. तू म्हणतात.

दुसरी गोष्ट टिल्लूची. मी पन्नास वर्षं आजारी माणसं पाहिली, तेव्हा हे नीट ऐक आणि आईलाही वाचून दाखव. त्याचं पोट नाजूक नाही आणि तो नाटकंही करत नाही. तंबाखूच्या ओल्या पानातलं विष कातडीतून अंगात शिरतं. जेवढं पोर लहान, तेवढं ते लवकर चढतं. यावर औषध म्हणजे त्या शेतात न जाणं, दुसरं नाही. तोवर निदान पानं वाळल्याशिवाय त्याला आत पाठवू नका. अंगावरचे ओले कपडे लगेच बदला, हातपाय साबणाने धुवा. पुन्हा तसा निपचित झोपला तर कुणाची वाट बघू नका, सरळ डॉक्टरकडे न्या. तुझी ती "बराच वेळ उठला नाही" ही ओळ वाचल्यापासून मला झोप नाही.

आता एक गंमत. तुम्ही माझे भाचे आणि माझ्या भावाचे पुतणे. म्हणजे तुम्ही आमच्या दुसऱ्या कुठल्यातरी भावाची मुलं. बाळ, आम्हाला दुसरा भाऊच नाही! आईबाबांना आम्ही दोघंच. तुझ्या मुकादमाने घाईघाईत घर बांधलं आणि मधली भिंत घालायला विसरला. हे एवढ्यात कुणाजवळ बोलू नकोस.

तोवर तुम्ही नातेवाईक आहात तर नातेवाइकांसारखे वागा. बरं वाटेनासं झालं की पुतणे कुठे जातात? काकांच्या घरी जातात. हक्काने जातात. तिथे दिवाणखान्यात एक हिरवा सोफा आहे, फार मऊ आहे, माझ्या वडिलांनी घेतलेला. सगळ्यांदेखत जा आणि तपासनीस आसपास असेल तर आवर्जून जा. काकाला पुतण्याला हाकलता येत नाही.

तुझी आत्या

१२ जून

चिरंजीव धाकट्यास आशीर्वाद.

वर्तमानपत्रात वाचलं की तुमच्या भागातल्या शेतांवर मजूर पोरं नाहीतच, सगळी घरचीच मुलं आहेत. तुझ्या शेतावरही म्हणे कुटुंब बरंच वाढलंय. अरे, एवढी आनंदाची बातमी, आणि मला पेपरातून कळावी? सगळ्यांचा एक फोटो पाठव, भिंतीवर लावते. फोटोखाली कोण कुणाचं तेही लिही, म्हातारपणी माझा गोंधळ होतो.

ताई

२० जून

ताईस नमस्कार.

पत्र मिळालं. टोमणे पोचले.

तू शहरात बसून काहीही वाचतेस. मुलं इथे हौसेने येतात. मोकळी हवा आहे, हातपाय हलतात. आपणही लहानपणी बागेत कामं केलीच की! काका म्हणतात ते प्रेमाने म्हणतात, त्यात माझा काय दोष?

पण सध्या एक वेगळाच ताप झालाय. पोरं घरात घुसायला लागलीत. शुक्रवारी सकाळी बघतो तर बाबांच्या सोफ्यावर एक पोरगं आडवं, पांढरंफटक, आणि उशाशी त्याची बहीण तांब्या घेऊन. मी म्हटलं, हे काय? तर ती कार्टी म्हणते, "काका, बरं नसलं की घरची माणसं घरातच झोपतात ना?" आणि त्याच वेळी तपासनीस साहेब समोरच्या खुर्चीत चहा पीत बसलेले! मी काय बोलणार? "झोप हो बाळा" म्हटलं. तेव्हापासून दर ओल्या सकाळी कोणी ना कोणी तिथे असतंच. काल दोघं होते, एक या टोकाला, एक त्या टोकाला. मला माझ्या घरात खुर्चीवर बसावं लागतं. तुझी भावजय त्यांना साखरपाणी देते. या पोरांना असलं कोण शिकवतंय कळत नाही.

आता मुद्द्याचं. सरकारातले लोक कायदा बदलायला निघालेत. "घरची मुलं" ही सवलत काढून टाकायची म्हणतात. त्यासाठी एक समिती शेतांवर फिरतेय, पुढच्या महिन्यात इथे येईल. तपासनिसाने मला सहज विचारलं, एवढे पुतणे म्हणजे तुमच्या भावाचे ना? माझ्या तोंडून हो गेलं. तेव्हा तूर्त आपल्याला एक भाऊ आहे. परदेशात, जहाजावर असतो. तुझ्याहून मोठा की धाकटा ते तू ठरव. कुणी विचारलं तर तेवढं लक्षात ठेव, आणि शक्यतो तब्येत बरी नाही सांगून बोलणंच टाळ.

तुझा,
धाकटा

२३ जून

प्रिय आत्या,

तुला "तू" लिहिताना आधी दोनदा खोडलं. आता जमलं.

सोफा खरंच मऊ आहे. टिल्लूला मी उचलून नेलं. वाटलं, आता काका मारणार. पण साहेब बसलेले बघून काकांनी टिल्लूच्या डोक्यावरून हात फिरवला! हात असा फिरवला जसा गरम तवा पुसायचाय. टिल्लू तेवढ्यात सुद्धा हसला. काकूंनी आधी सोफ्याकडे बघितलं, मग त्याच्या काळ्या चिकट हातांकडे बघितलं आणि आत निघून गेल्या. मला वाटलं रागावल्या. त्या कोमट पाणी, साबण आणि त्यांच्या मुलाचा जुना कोरडा सदरा घेऊन आल्या. हात त्यांनी स्वतः धुतले. काळं जाईना, तरी घासत राहिल्या.

आता नवीन बातमी. आम्हाला बाप मिळाला! मुकादमांनी परत रांग लावली. तुमचे वडील परदेशी, जहाजावर असतात. मी विचारलं, कुणाचे? तर म्हणाले, सगळ्यांचे. म्हणजे शेवटच्या खोलीतली ती तीन भावंडं, ज्यांच्याशी मी नळावर भांडते, तीसुद्धा आता माझी सख्खी. आईला सांगितलं तर तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, मला विचारलं का कुणी, हा नवरा कुठला? शेवटच्या खोलीतल्या बाईंचा नवरा तर समोरच विडी ओढत बसला होता. त्याने विचारलं, मग मी कोण?

घोटाळा मिशीवर झाला. समिती आली आणि तिने विचारलं, वडील दिसतात कसे, तर काय सांगायचं? मुकादम म्हणाले मिशी आहे सांगा. दुसऱ्या दिवशी म्हणाले नाही सांगा, काकांना मिशी नाही. आता अर्ध्या पोरांना मिशी पाठ आहे आणि अर्ध्यांना नाही.

हसू येतं, पण पुढच्या आठवड्यापासून मोठी काढणी आहे. तेव्हा पहाटे अंधारातच आत जायचं असतं. सोफा दूर पडतो, आणि मुकादमांनी आईला सांगितलंय की पोरगं परत सोफ्यावर दिसलं तर खोलीला कुलूप. आई रात्री टिल्लूचे पाय दाबते आणि रडते. आत्या, मिशीचं काय ते होईल. टिल्लूचं काय करू?

तुझी,
चोंबडी

२८ जून

चोंबडे,

सोबतचं बंद पाकीट काकूच्या हातात दे, काकाच्या नाही. तिला दोन ओळी लिहिल्यात. ती कमी बोलते म्हणून लोकांना वाटतं तिला काही दिसत नाही. काढणीच्या सकाळी टिल्लूला तिच्याकडे सोडायचं, ती त्याला स्वयंपाकघरात ठेवेल. मुकादमाने विचारलं तर ती म्हणेल, माझा पुतण्या आहे. बघू तो काय करतो.

मी समितीला पत्र टाकलंय की मी या कुटुंबातली सख्खी मोठी बहीण आहे आणि मला बोलायचंय. त्यांनी शहरातल्या बैठकीला बोलावलंय.

तुम्हा पोरांना मी खोटं बोलायला शिकवणार नाही, आणि खोटं बोलू नका असंही सांगणार नाही, कारण खोलीचं ओझं तुमच्या डोक्यावर आहे. तुम्ही एवढंच करा. समितीने विचारलं की पाठ केलेलं सगळं खणखणीत म्हणून दाखवा. मिशीसकट. बाकी ऐकणाऱ्यांना कान आहेत.

आत्या

९ जुलै

प्रिय आत्या,

समिती येऊन गेली! पाय दुखतायत, पण आजच लिहिते.

टिल्लू आता सकाळी काकूंकडे असतो. त्याला पान लागून आज सहा दिवस झाले. तो जाड झाला असं आई म्हणते, मला तर तसाच दिसतो.

समितीच्या मुख्य एक बाई होत्या, साध्या चपलांमधल्या. त्यांनी शेतातच आम्हाला गोल बसवलं. तुमचे वडील काय करतात? "परदेशी, जहाजावर असतात!" सगळ्यांचे? "सगळ्यांचे!" त्यांच्या लेखनिकाचं पेन थांबलं. बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी पदर तोंडाला लावला. मग त्यांनीच विचारलं, मिशी आहे का त्यांना? "आहे!" "नाही!" आणि सुरू झाली ना मारामारी. तिकडच्या पोराने माझ्या शेजारणीला चिमटा काढला की तुला स्वतःचा बाप माहीत नाही का. तिने त्याला ढेकूळ मारलं. मुकादम मध्ये पडले, त्यांनाही एक लागलं. ते माझं नव्हतं. बहुतेक.

बाई काकांना म्हणाल्या, भावाचं नाव सांगा. काकांनी एक सांगितलं आणि त्याच क्षणी मुकादमांनी दुसरं. मग दोघं एकमेकांकडे बघून म्हणाले, लाडाचं नाव आहे ते.

काकू ओसरीवर उभ्या होत्या, टिल्लूला धरून. बाईंनी त्यांना विचारलं, तुमचे हे जहाजावरचे दीर शेवटचे कधी आले होते? काकांनी काकूंकडे असं बघितलं की मीच डोळे मिटले. काकू म्हणाल्या, "मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मला दीर नाही. पण हे पोर माझ्या सोफ्यावर ओकताना मी पाहिलंय, आणि त्याच्या हाताचं काळं माझ्याच्याने निघालेलं नाही." आणि त्यांनी टिल्लूचे हात बाईंपुढे धरले.

संध्याकाळी मुकादम कुलूप घेऊन आमच्या खोलीवर आले. काकू आधीच आमच्या दारात बसलेल्या, आईबरोबर लसूण सोलत. म्हणाल्या, लाव कुलूप, पण मी आत आहे ते मालकांना सांगून ये. मुकादम गेले ते अजून आले नाहीत. पण आत्या, काकू रोज आमच्या दारात बसणार नाहीत. कायदा खरंच बदलेल ना?

चोंबडी

२ ऑगस्ट

माझ्या चोंबड्या भाचीस,

काल बैठक झाली. मी नवी साडी नेसले, चष्मा पुसला आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले. धाकटा दुसऱ्या बाजूला, वकील घेऊन. मला बघून त्याने खोकल्याची खूण केली, की तुझी तब्येत बरी नाहीये ना? मी म्हटलं, ठणठणीत आहे.

त्यांनी विचारलं, तुम्हाला दुसरा भाऊ आहे का? मी म्हटलं, असता तर लहानपणी माझी सायकल दोघांनी मिळून मोडली असती, ती याने एकट्याने मोडली. मग वकील उठला. म्हणाला, मुलं घरच्यासारखीच आहेत, मालकांनीही लहानपणी बागेत काम केलंय. मी म्हटलं, त्याने बागेत नळीने मला भिजवलं, त्याला काम म्हणत नाहीत. आणि घरच्यासारखी असतील तर घरच्यासारखी झोपू द्या, शाळेत जाऊ द्या. त्याच्या पोटच्या मुलाने आजवर तंबाखूचं पान फक्त खिडकीतून पाहिलंय. सगळे हसले. धाकटा नाही हसला.

मग मी टिल्लूचं सांगितलं. ओलं पान, कातडी, विष, सरीत निजलेलं पोर. सगळं नर्सच्या आवाजात सांगितलं, एकही शब्द अडखळला नाही. घरी आल्यावर मात्र अडखळले. एकटीच बसून रडले आणि मग स्वतःवर चिडले, की हे तिथे का नाही आलं?

तर ऐक. बैठकीच्या शेवटीच ठरलं, कायदा एक ऑक्टोबरपासून बदलतोय. घरचं शेत म्हणजे मुलाच्या स्वतःच्या आईचं किंवा बापाचं शेत. काका, मामा, आत्या कुणी चालणार नाही. तंबाखूत आणि फवारणीत तर घरचंही मूल नको. आणि पोरं कामावर येत नाहीत म्हणून कुणाची खोली काढता येणार नाही. ही शेवटची ओळ त्या चपलांवाल्या बाईंनी घालून घेतली. तुझं हात मोजण्याचं वाक्य मी त्यांना वाचून दाखवलं होतं, तुझं नाव न सांगता.

तोवर काकू आहे.

आत्या

१० ऑगस्ट

ताई,

सख्ख्या बहिणीने भर सभेत सायकल काढावी! ती मोडली नव्हती, तिची साखळी निसटली होती.

मुकादमाला काढलं. पानं तोडायला आता मोठी माणसं शोधतोय, डोक्याला ताप आहे. तुझी भावजय माझ्याशी मोजकं बोलते आणि त्या पोराशी दिवसभर. मी पोरांना सांगितलं, आता काका म्हणायची गरज नाही. तरी म्हणतात.

धाकटा

ता. क. तो टिल्लू पत्त्यांत लबाडी करतो. कुणाची भाचरं आहेत ते मला कळलंय.

१४ ऑक्टोबर

आत्याबाईंना नमस्कार. यावेळी साष्टांग. आता वाकता येतं.

आम्ही शाळेत जातो. टिल्लू पहिल्या बाकावर बसतो कारण मागून त्याला फळा दिसत नाही, आणि मी शेवटच्या बाकावर बसते कारण गुरुजींनी तिथेच बसवलं. टिल्लूला मध्ये एकदा उलटी झाली. आम्ही सगळे धावलो. नंतर कळलं, काकूंच्या कपाटातली सगळी बिस्किटं खाल्ली होती. आई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. खोली आहे. नव्या मुकादमीणबाई दारावरून जातात, आत डोकावतात आणि काही मोजत नाहीत.

नवे तपासनीस आले होते. त्यांनी कायदा मोठ्याने वाचून दाखवला. कुटुंब म्हणजे आई आणि वडील. मी हात वर करून विचारलं, आणि आत्या? त्यांनी कागद खालपासून वरपर्यंत पाहिला. म्हणाले, नाही, आत्या यात बसत नाही.

म्हणजे तुम्ही आता माझ्या कोणी नाही. म्हणून परत तुम्ही लिहितेय. कायदा तुम्हीच मागितला होता, तेव्हा मला बोलता येत नाही. पण टिल्लूला तुम्ही पाठ आहात. तो रात्री झोपताना अजून म्हणतो, शहरात आपली आत्या असते, नर्स होती, आपल्यावर फार जीव आहे तिचा. मी त्याला सांगितलं, ते आता म्हणायचं नाही. तो भिंतीकडे तोंड करून झोपला.

एक विचारू? नाही म्हणालात तरी चालेल. सुट्टीत आम्ही चार दिवस तुमच्याकडे आलो तर काय काय काम करावं लागेल? मला झाडू, धुणं, भांडी सगळं येतं. टिल्लू लहान आहे, पण पेले चांगले विसळतो, फुटत नाहीत. त्याचे दोन हात मोजणीत धरले तर चालेल का, तेवढं कळवा.

तुमची कुणीच नाही अशी,
चोंबडी

२० ऑक्टोबर

माझ्या चोंबडीला,

ते "तुम्ही" आधी मागे घे. वाचून माझ्या जिवाचं पाणी झालं.

कायदा तंबाखूच्या शेतापुरता आहे, बाळ. तुला राबवायला कुणी काका होऊ नये म्हणून तो केला. माझ्या उंबऱ्याच्या आत कोण माझं आणि कोण नाही, ते मी ठरवते. मी मंगळवारपासूनची आत्या आहे आणि मरेपर्यंत राहणार. तपासनिसाला हवं तर इथे पाठव, मी त्याला चहा देईन आणि चार शब्द सुनावीन.

टिल्लूला सांग, ते रोज रात्री म्हणायचं. ते खोटं होतं तेव्हा त्याने पाठ केलं, आता खरं झाल्यावर सोडायचं नाही.

कामाचं विचारलंस. तर सकाळी उन्हं अंगावर आल्याशिवाय उठायचं नाही. उठलं की दूध प्यायचं. मग दोघांनी भांडायचं, पण शेजारीण भिंत ठोकेपर्यंत नाही. टिल्लूने माझ्याशी पत्ते खेळायचे आणि लबाडी पकडली गेली तर कबूल करायची. तुम्ही आल्याआल्या मी त्याचे हात बघणार आहे, दोन्ही बाजूंनी, चांगल्या उजेडात. पेले मी विसळीन.

खोली एकच आहे, पण इथे हात कुणी मोजत नाही. या.

तुझी आत्या